टोकणारं कोणी नसलेल्या घरात मूड सावरायचा कसा

सोमवारी सकाळी कामाचा पहिला फोन घेतला आणि 'हॅलो'च्या जागी घशातून नुसती खरखर बाहेर आली. सर्दी नव्हती, घसा बसला नव्हता. शुक्रवारी संध्याकाळनंतर मी एकही शब्द बोलले नव्हते, एवढंच. पलीकडून विचारलं, 'झोपेतून उठवलं का?' मी हो म्हणून टाकलं.

मी बरीच वर्षं एकटी राहते आणि मला ते आवडतं. तेव्हा 'माणसांत राहायला जा' असा सल्ला इथे मिळणार नाही. पण एकटं राहण्यात एक अडचण आहे, आणि ती कळल्यापासून माझे वाईट दिवस निम्म्यावर आले. भरल्या घरात कुणाचा मूड गेला तर त्याला फार वेळ तसं बसू देत नाहीत. कोणी हाक मारतं, कोणी टॉवेल कुठे आहे विचारतं, कोणी उगाच खोलीत येऊन दिवा लावून जातं. आपण वैतागतो, पण तेवढ्यात डोक्यात चाललेलं दळण थांबलेलं असतं. एकट्याच्या घरात ते थांबत नाही. दुपारी चारला आलेली उदासी रात्री अकरापर्यंत खुर्चीत बसून राहते, कारण तिला कोणी टोकत नाही.

म्हणून खाली जे काही सांगितलंय ते एकाच कामासाठी आहे: टोकणारं कोणी नसेल तर टोकण्याची सोय आपणच करून ठेवायची. मूड चांगला असताना.

आधी एक चाळणी

मूड जाणं आणि नैराश्य हा आजार, यात फरक आहे. डॉक्टर यासाठी बऱ्याचदा पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी वापरतात. ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात: कशातच रस वाटत नाही का, झोप बिघडली का, भूक गेली किंवा वाढली का, थकवा, स्वतःबद्दल कमीपणा, लक्ष न लागणं, मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली तर डॉक्टरांना भेटायचं, एवढं घरी लक्षात ठेवलं तरी पुरे. निदान मात्र त्यांनीच करायचं.

एकटं राहणाऱ्यांनी ही चाळणी जरा जास्तच मनावर घ्यावी. बाकीच्यांच्या घरी 'तू हल्ली जेवत नाहीस' असं म्हणणारं कोणी असतं. आपल्याकडे बदल हळूहळू होतो आणि तो बघायला साक्षीदार नसतो. मी महिन्यातून एकदा एका जुन्या मैत्रिणीला सरळ विचारते, 'माझ्या आवाजात काही बदल वाटतोय का?' पहिल्यांदा तिला प्रश्न विचित्र वाटला होता. आता ती मी विचारायच्या आधीच सांगते.

आणि मरणाचे विचार येत असतील तर पुढच्या पायऱ्या बाजूला ठेवा. आत्ता, आजच, एका माणसाला शब्दांत सांगा आणि तुमच्याकडची आणीबाणीची सेवा किंवा हेल्पलाइन गाठा. अशा वेळी एकट्याने रात्र काढायची नाही. कोणाकडे तरी जायचं किंवा कोणाला तरी बोलवायचं.

मूड आत्ता गेलेला असेल तर: पहिली दहा मिनिटं

इथे विचार करत बसू नका. 'मला असं का होतंय' हा प्रश्न वरवर शहाणा दिसतो, पण पडलेल्या मूडमध्ये तो विचारला की माणूस उत्तर शोधत नाही, तेच तेच उगाळतो. सुझन नोलन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी या उगाळण्यावरच आयुष्यभर काम केलं. त्यांना दिसलं ते असं की उगाळणाऱ्यांची उदासी जास्त लांबते, आणि उगाळताना आपण प्रश्न सोडवतोय असा भासही होत राहतो. कारण शोधायचंच असेल तर उद्या सकाळी, वही घेऊन.

आत्ता फक्त क्रमाने हे करा.

१. बसलात किंवा पडलात त्या जागेवरून उठा. दुसऱ्या खोलीत जा. एकच खोली असेल तर दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून उभे राहा. ऐकायला बालिश वाटेल, पण जागा बदलली की त्या जागेला चिकटलेलं दळण थोडं सैल होतं.

२. तोंडावर पाणी मारा आणि अंगावरचे कपडे बदला. दिवसभर झोपायच्या कपड्यांत असाल तर हे सगळ्यात आधी.

३. मोठ्याने बोला, आणि स्वतःला नावाने हाक मारून बोला. 'मला काही जमत नाही' असं नाही. 'हे बघ अमुक, तू दमलेली आहेस, दुपारपासून पोटात काही नाही.' मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की 'मी'ऐवजी स्वतःच्या नावाने किंवा 'तू' म्हणून स्वतःशी बोललं तर ताणाच्या प्रसंगी माणूस जास्त सावरून वागतो. घरात ऐकायला कोणी नाही, तर त्याचा एवढा तरी फायदा घ्यावा.

४. एक कप धुवा. सिंकमधली सगळी भांडी नाही, एकच कप. पाण्याची धार, साबण, आतल्या कडेला सुकलेली तपकिरी रेघ, ती निघेपर्यंत घासायची, पुसून जागेवर ठेवायचा. बाकी भांडी तशीच राहू देत. धुतलेला कप समोर दिसला की आज आपल्या हातून काहीतरी झालं याचा पुरावा राहतो. बहुतेक वेळा मागोमाग दुसराही धुतला जातो, पण तशी अट घालायची नाही. अट घातली की पहिलाही राहतो.

दहा मिनिटांनी मूड प्रसन्न होईल अशी अपेक्षा धरू नका. दहापैकी दोनवर होता तो तीनवर आला तर काम झालं.

एक आठवडा नुसती नोंद

हा भाग लोक गाळतात आणि मग पुढचं काही लागू पडत नाही. सात दिवस वहीत दर दोन तासांनी दोन गोष्टी लिहा: त्या वेळी काय करत होतात आणि मूड ० ते १० मध्ये किती. कारणं लिहायची नाहीत. एका ओळीपेक्षा जास्त लिहिलं तर वही तिसऱ्या दिवशी बंद पडते, हा माझा अनुभव.

यामागचा विचार जुना आहे. १९७० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ पीटर लुइनसन यांनी उदासीचं चक्र असं मांडलं: माणूस खचला की गोष्टी करायचं सोडतो, गोष्टी सोडल्या की त्यांतून मिळणारं सुख आणि समाधान आटतं, ते आटलं की तो आणखी खचतो. यातून पुढे 'बिहेविअरल ॲक्टिव्हेशन' ही उपचारपद्धत तयार झाली. १९९६ मध्ये नील जेकबसन यांच्या गटाने नैराश्याच्या पूर्ण उपचारातून विचार बदलण्याचा भाग काढून फक्त कृतीचा भाग ठेवून पाहिला, तर रुग्ण जवळपास तेवढेच सुधारले. २०१६ मध्ये ४४० प्रौढांवर झालेल्या चाचणीतही ही साधी पद्धत सीबीटीच्या, म्हणजे विचार आणि वागणं दोन्ही बदलायला शिकवणाऱ्या नावाजलेल्या उपचाराच्या, मागे पडली नाही. म्हणजे मूड आला की करू, असं थांबायची गरज नाही. आधी करायचं, मूड मागून येतो. कधी येतो, कधी अर्धवट येतो.

वहीने मला जे दाखवलं ते मी पैजेवरही मानलं नसतं. मला वाटायचं, माझी रात्र वाईट जाते. आकडे वेगळंच सांगत होते. रात्री सहा-सात असायचे. सगळ्यात खाली आकडा यायचा तो कामावरून येऊन कुलूप उघडल्यानंतरच्या वीस मिनिटांत. अंधार, सकाळी जिथे टाकली तिथेच पडलेली चप्पल, बंद हवा. मी पिशवी न ठेवताच पलंगाच्या कडेला बसायचे आणि फोन काढायचे. पुढचा दीड तास तिथेच. दुसरा खड्डा सुट्टीच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला.

तुमचे खड्डे वेगळे असतील. कुणाची पहाट वाईट असते, कुणाची जेवणाची वेळ. पण ते बहुधा दोन किंवा तीनच निघतात, आणि सगळा दिवस वाईट जात नाही हे कळणंच अर्धा भार उतरवतं.

खड्ड्यात एक खुंटी ठोका

आता त्या वेळेत आधीपासून ठरलेली एक गोष्ट बसवायची. आठवड्याला एकच खड्डा घ्या.

गोष्ट निवडताना दोन प्रकार ध्यानात ठेवा. एक, जिच्यात मजा येते. दुसरी, जी केल्यावर 'जमलं' असं वाटतं: बिल भरणं, बटण शिवणं, कपाटाचा एक कप्पा आवरणं. फक्त मजेच्या गोष्टी भरल्या तर दोन दिवसांत कंटाळा येतो, आणि फक्त कामं भरली तर घराचं ऑफिस होतं. आणि जी काही गोष्ट असेल ती घड्याळाला किंवा आधीच्या कृतीला बांधा. 'रोज थोडं चालेन' याला अर्थ नाही. 'जेवणाचं ताट धुतलं की बूट घालेन' याला आहे. एवढंच लिहा, 'बूट घालेन'. चालायला जाण्याचा निर्णय बूट घातल्यावर घ्या.

माझ्या कुलपाच्या खड्ड्यासाठी मी तीन बदल केले. दाराजवळच्या दिव्याला टायमर लावला, म्हणजे दार उघडताना आत उजेड असतो. सकाळी निघताना पलंगावर मुद्दाम आवरायचे कपडे पसरून ठेवते, बसायला जागाच राहत नाही. आणि घरात शिरल्यावर पहिली वीस मिनिटं रेडिओ, त्यातही माणसं बोलत असतील असा कार्यक्रम. गाणी चालतात, पण पडलेल्या मूडमध्ये मी गाणी त्याच मूडची निवडते, त्यामुळे तो निर्णय माझ्याकडे ठेवलेलाच नाही.

यातला कपड्यांचा उपाय माझ्या भावाला वेडेपणा वाटतो. तो पाच माणसांच्या घरात राहतो.

उजेड

यावर लोक विश्वास ठेवत नाहीत, म्हणून आकडे देते. संध्याकाळी घरातल्या दिव्यांखाली साधारण १०० ते ३०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड असतो. बाहेर आभाळ भरलेलं असलं तरी दुपारी काही हजार लक्स असतात, आणि लख्ख उन्हात लाखापर्यंत जातात. डोळ्यांना हा फरक एवढा जाणवत नाही कारण डोळे उजेडाशी जुळवून घेतात. शरीराच्या घड्याळाला मात्र तो कळतो. १९८४ मध्ये मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथल यांनी हिवाळ्यात ठरावीक येणाऱ्या नैराश्याचं वर्णन केलं, आणि त्यावरचा एक उपचार म्हणजे सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसणं. असा दिवा घ्यायचा असेल, आणि डोळ्यांचा आजार किंवा बायपोलरचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

बाकीच्यांनी उठल्यावर तासाभरात पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढावीत. काचेमागून नाही, बाहेर. घरून काम करणाऱ्यांचं इथेच चुकतं. दुपार होईपर्यंत त्यांनी आकाश पाहिलेलं नसतं.

झोप, जेवण, अंग हलवणं

हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून थोडक्यात. झोपायची वेळ हातात नसते, उठायची असते, ती सुट्टीलाही तासाभराच्या आत ठेवा. कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनंतरही अंगात असतो, तेव्हा दुपारनंतर नको. दारूने तास-दोन तास हलकं वाटतं, पण झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशीचा आकडा खाली येतो. वहीत लिहून बघा, मला वाद घालायचा नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. ते जमत नसेल तर दहा मिनिटं, पण आज.

जेवणाबद्दल एक. उभ्याने, भांड्यातूनच, फोन बघत खाणं ही एकट्या माणसाची सवय. दिवसातलं एक जेवण तरी ताटात वाढून, बसून जेवा.

माणसं: कमी, पण ठरलेली

इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी एकटेपणाला भुकेची उपमा दिली. भूक जशी खायला सांगते, तसा एकटेपणा माणसांकडे जायला सांगतो. पण त्यांनी एक अडचणही दाखवली. एकटेपणा वाढला की माणूस नकाराच्या बाबतीत जास्त सावध होतो, साध्या बोलण्यातही टोमणा ऐकतो, आणि उलट मागे सरतो. म्हणून 'कोणाला माझी गरज नाही' हा विचार एकटेपणात आला, तर तो बातमी म्हणून घेऊ नका. ते त्या अवस्थेचं लक्षण आहे.

मग सुरुवात कुठून करायची? सगळ्यात सोप्या टोकाकडून. मनातलं बोलायला लगेच कोणी शोधायची गरज नाही. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी २०१४ मध्ये एक साधा प्रयोग केला. कॉफीच्या दुकानात काही लोकांना काम झटपट उरकून निघायला सांगितलं, आणि काहींना काउंटरवरच्या माणसाकडे बघून हसायला, दोन शब्द बोलायला सांगितलं. दुसऱ्या गटातले लोक जास्त खुशीत निघाले. त्याच वर्षी निकोलस एप्ली आणि जुलियाना श्रोडर यांनी रोज प्रवास करणाऱ्यांना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला लावलं. लोकांचा अंदाज होता की गप्प बसलेलंच बरं. प्रत्यक्षात बोललेल्यांचा प्रवास जास्त सुखाचा झाला. आपला अंदाज चुकतो, आणि तो सहसा एकाच बाजूला चुकतो.

तेव्हा पहिला नियम: रोज एका माणसाशी एक वाक्य, कामापुरतं नसलेलं. जिन्यात भेटलेल्याशी, पार्सल देणाऱ्याशी. नेहमी त्याच वेळी त्याच जागी गेलं, तर चेहरे ओळखीचे होतात आणि वाक्य शोधावं लागत नाही.

दुसरा नियम: आठवड्यात एक ठरलेला फोन. 'कधीतरी बोलू' असं नाही. बुधवारी साडेआठ म्हणजे बुधवारी साडेआठ. ठरलेल्या फोनचा फायदा असा की दोघांनाही निमित्त लागत नाही, आणि मूड नसेल त्या दिवशीही फोन वाजतो.

खूप दिवसांत बोलणं नसलेल्या माणसाला मेसेज करताना हात अडखळतो. माफी, खुलासे, लांबलचक प्रस्तावना लिहू नका. समोरच्याला उत्तर द्यायला सोपं जाईल एवढंच लिहा: 'आज तुझी आठवण आली, आपण जिन्यात बसून अभ्यास करायचो ते आठवलं. कशी आहेस? उत्तराची घाई नाही.' एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांना २०१८ मध्ये आढळलं की दोन माणसं पहिल्यांदा बोलली की नंतर दोघांनाही वाटतं, आपण समोरच्याला फारसे आवडलो नाही. आणि दोघंही बहुधा चुकीचे असतात. जुन्या मैत्रीत हे वेगळं असेल असं मला वाटत नाही.

तिसरा नियम माझा आवडता: टोकणाऱ्याची रीतसर नेमणूक करा. एका माणसाशी ठरवा, रोज सकाळी दहापर्यंत मी तुला एक खूण पाठवीन, ठिपका पाठवला तरी चालेल. नाही आली तर फोन कर, आणि मी उचलला नाही तर घरी ये. एकट्याने राहताना आजारी पडण्याची, घसरून पडण्याची भीती मनात कुठेतरी बसलेली असते, तीही याने बरीच उतरते. हे मागायला लाज वाटते. मी ज्या माणसाकडे मागितलं तोही एकटाच राहतो, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. त्याने लगेच विचारलं, 'मीपण पाठवू का?'

फोनवर दुसऱ्यांची आयुष्यं सरकवत बसणं यात धरू नका. त्याने खड्डा भरल्यासारखा वाटतो, एवढंच. वहीत आकडा बघा.

एवढं करूनही आकडा हलत नसेल तर

महिनाभर नोंद ठेवून, खुंट्या ठोकून, बाहेर जाऊनही रोजचा आकडा तीनच्या वर येत नसेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. थायरॉइड मंदावणं, रक्त कमी असणं, बी-१२ ची कमतरता, काही औषधं, यांनीही माणूस असाच दमलेला आणि उदास दिसतो. त्यातल्या बऱ्याच गोष्टी साध्या रक्त तपासणीत कळतात. वही बरोबर असेल तर 'कधीपासून?' या प्रश्नाला घरच्या कोणाच्या आठवणीची गरज पडत नाही.

चिठ्ठी

शेवटचं काम, आणि ते चांगल्या दिवशीच करायचं. वाईट दिवशी हा लेख आठवणार नाही, आठवला तरी वाचवणार नाही. म्हणून हातभर कागदावर नाही, बसच्या तिकिटाएवढ्या कागदावर चार ओळी लिहा: उठून कुठे जायचं, स्वतःला काय म्हणायचं, कोणतं छोटं काम करायचं, कोणाला फोन करायचा. माणसाचं नाव आणि नंबर स्पष्ट अक्षरात. 'कोणाला तरी' असं नको.

चिठ्ठी दोन-तीन महिन्यांनी बदलावी लागते, रोज दिसणारी गोष्ट दिसेनाशी होते. माझी सध्या चौथी चालू आहे. आधीच्या तीन आरशावर होत्या, पण मूड गेला की मी आरशात बघतच नाही, हे उशिरा कळलं. मी फोन चार्जिंगला लावून पडून राहते. तेव्हा आता ती चार्जरच्या वायरीला गुंडाळली आहे, सोडल्याशिवाय पिन लागत नाही.